न दिलेले थेंब

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

ऋता आज रुसली. छतावर जायचं होतं तिला, विहंगला घेऊन. "आई, सगळी कॉलनी वर आहे, पतंग उडतायत. दहा मिनिटं जाते, त्याला ऊन पण मिळेल." मी म्हटलं, अजिबात नाही! आठ आठवड्यांचा जीव, वर वारा कसला सुटलाय! तोंड एवढंसं झालं तिचं. पण गेली नाही. सून म्हणून आली तेव्हापासून माझा शब्द मोडलेला नाही तिनं. तिच्या आईचं देवासला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी — त्यात सिझर. सगळी भिस्त माझ्यावर. रिटायर होऊन सहा महिने झाले तरी माझा आवाज वर्गातलाच निघतो, काय करू!

दुपारी हे बँकेतल्या जुन्या दोस्तांबरोबर गिल्ली-डंडा खेळून आले. सदुसष्टाव्या वर्षी! तिळगूळ पुढे केला तर म्हणतात, "आधी बाम दे."

विहंग आज माझ्याकडे बघून ओठ हलवत होता. काहीतरी सांगायचं असतं त्याला.

१६ जानेवारी

कुणाला सांगता येत नाही ते इथे तरी लिहावं.

हॉस्पिटलमधून घरी येताना डॉक्टरनी विहंगसाठी थेंब लिहून दिले होते. व्हिटॅमिन डी. रोज अर्धा एम.एल., वर्षभर. ऋता तेव्हा टाक्यांनी बेजार. म्हणाली, "आई, हे तुम्ही द्याल ना? माझ्या डोक्यात काही राहत नाही." मी हो म्हटलं. दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी ड्रॉपर भरला आणि हात पुढे जाईना.

पोराला आईचं दूध भरपूर आहे. त्यात काय कमी आहे म्हणून वरून द्यायचं? आईच्या दुधात सगळं असतं. सगळं! ह्यावर मला कुणाचं काही ऐकायचं नाही.

ऋता रोज विचारते, "आई, ड्रॉप्स दिले?" मी म्हणते, "दिले गं." बाटली कमी झालेली दिसायला हवी, म्हणून मधूनमधून थोडं बेसिनमध्ये ओतते. तेहतीस वर्षं मी गणिताच्या वह्या तपासल्या. उत्तर मागच्या पानावरून उतरवलेलं एका नजरेत ओळखायची. आणि आता ही मी.

१९ जानेवारी

हसला! खराखुरा! मालिशवाली नंदा त्याला चोळत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकून हसला. नंदा म्हणते, "मम्मीजी, पहले मेरे को देखके हँसा, याद रखना." ऋता आंघोळीला गेलेली. तिला सांगितलंच नाही. दुपारी तो तिच्याकडे बघून हसला तेव्हा ती ओरडतच बाहेर आली — "आई, बाबा, पहिल्यांदा हसला!" आम्ही सगळ्यांनी "अरे वा!" केलं. नंदानंसुद्धा.

२६ जानेवारी

दोन दिवसांपासून विहंगची हनुवटी मधेच थरथरते. दार वाजलं तरी दचकतो, हात ताठ करतो. ऋता म्हणाली, "आई, हे नॉर्मल आहे का?" मी म्हटलं, थंडी आहे गं. आणखी एक स्वेटर चढवला.

ह्या खोलीत थंडी असतेच. समोर तीन मजले उठल्यापासून ऊन येत नाही. ऋतानं गरोदरपणाचे सगळे दिवस इथेच काढले — सकाळी नऊपासून लॅपटॉप, ऑफिस घरातूनच. माझा रोहन सातच्या बसनं इंदूरला कामाला जातो, अंधार पडल्यावर येतो. बिचारी उजेड बघायला खिडकीत जायची.

२ फेब्रुवारी, रविवार

बोरन्हाण झालं! काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर एवढासा मुकुट. मुकुट डोळ्यावर आला आणि साहेब तसेच झोपले! बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या — कॉलनीतली पोरं नुसती तुटून पडली. शेजारच्या सरदारजींची नात दोन्ही मुठी भरून म्हणाली, "आंटी, ये रोज़ करो ना!"

ऋता फार गोड दिसत होती. थकलेली, पण गोड. पाजताना तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं. तो घुटूघुटू पितो, एक हात तिच्या गळ्यावर. मी उगाच काहीतरी आवरायच्या मिषानं तिथे घुटमळते. तिच्या लक्षात येत असणार. काही म्हणत नाही.

५ फेब्रुवारी

विहंगला झटका आला. ऍडमिट केलंय. बाकी उद्या लिहीन.

६ फेब्रुवारी

काल सकाळी सव्वानऊ. माझ्याच मांडीवर होता. ऋता पोहे खात होती. आधी डोळे एका बाजूला गेले, मग उजवा हात — टक, टक, टक — कुणी दोरी ओढावी तसा. मग पाय. ओठ निळे. मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. हे अनवाणी खाली धावले, ऑटो थांबवली. ऋता पोटाशी धरून बसलेली, सारखी "विहू, विहू, विहू." टावर चौकात एक बस आडवी लागलेली. ह्यांनी उतरून हात जोडले बसवाल्याला. मी कधी ह्यांना कुणापुढे असे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

मुलांचं हॉस्पिटल पुढे दोन गल्ल्यांवर. डॉक्टर तरुण आहे, निहारिका नाव. तिनं पोराला घेतलं आणि आम्हाला बाहेर केलं. अर्ध्या तासानं आली. "झटका रुक गया है. कैल्शियम बहुत कम है. साढ़े आठ के ऊपर होना चाहिए, इसका पौने छह है." सलाईनमधून कॅल्शियम चाललंय, अगदी हळू, छातीला तारा लावून. जोरात गेलं तर हृदयावर येतं म्हणे. इवलीशी छाती, तिच्यावर तीन तारा.

मग तिनं विचारलं, "सिर्फ़ माँ का दूध?" ऋता म्हणाली, जी. "विटामिन डी के ड्रॉप्स?" ऋता म्हणाली, "जी, रोज़. मम्मीजी खुद देती हैं, एक दिन नहीं चूकतीं."

डॉक्टरनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

७ फेब्रुवारी

आज जे झालं ते सगळं लिहून काढते.

सकाळी रिपोर्ट आला. विहंगचं व्हिटॅमिन डी पाच. वीसच्या वर हवं. डॉक्टर कागद घेऊन उभी राहिली. "ड्रॉप्स के बाद भी पाँच? ये मुझे समझ नहीं आ रहा." म्हणाली, औषध जाऊनही अंगी लागत नसेल तर किडनीचा, नाहीतर ग्रंथीचा, नाहीतर जन्मजात काही आजार असू शकतो. आणखी रक्त काढावं लागेल. काही नमुने इंदूरला पाठवू. पोटाची सोनोग्राफी. ऋताचं तोंड पांढरंफटक. रोहननं भिंतीला पाठ टेकली. जन्मजात!

मग सिस्टर आली. विहंगचा पाय मी धरलेला. एका हातात शीर मिळाली नाही. दुसऱ्या हातात मिळाली नाही. पायाला टोचलं. ओरडून ओरडून आवाज बसला त्याचा, नुसतं तोंड उघडं, आवाज नाही. सिस्टर म्हणाली, "एक बार और, आंटीजी, कसके पकड़ो."

मी पाय सोडून दिला. म्हटलं, "मत करो." ती म्हणाली, करना पड़ेगा. मी म्हटलं, "डॉक्टर को बुलाओ. मैंने ड्रॉप्स नहीं दिए."

सगळे तिथेच होते. ऋता, रोहन, हे. मग मी सगळं सांगितलं. दोन दिवस दिले, मग बंद केले. बेसिनमध्ये ओतले. परवा तुमच्यासमोर खोटी मान हलवली. हे सगळं हिंदीत सांगत होते — परक्या भाषेत सोपं गेलं असावं. मराठीत जमलं नसतं.

डॉक्टर रागावली नाही. मला वाटलं होतं ती खूप बोलेल. ती एवढंच म्हणाली, "अच्छा किया, बता दिया. अब इतनी सुइयाँ नहीं लगेंगी." सिस्टरला खूण केली, तिनं ट्रे उचलला.

रोहन बाहेर गेला. ऋतानं विहंगचा पाय स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाली, "आई, मी रोज विचारायचे तुम्हाला." बस्स. एवढंच.

८ फेब्रुवारी

ऋताचाही रिपोर्ट आला. तिचं सात.

ऋता रडायला लागली. "मतलब मेरे दूध में ही कमी है? मेरी वजह से?" — मला तिथे उभं राहवेना. पण गेले नाही.

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. नीट समजावून सांगितलं, वर्गातल्या कच्च्या मुलीला सांगावं तसं, न चिडता. दूध उत्तम आहे. पण ही एक गोष्ट दुधातून मुळात थोडीच येते, कुणाच्याही. ती उन्हानं कातडीत बनते. आईकडेच नसेल तर बाळ जन्मतानाच रिकाम्या हातानं येतं, आणि मग दुधातून काय येणार? म्हणून तर थेंब — प्रत्येक बाळाला, आई कितीही सुदृढ असली तरी. "इसमें माँ की गलती नहीं होती. आजकल दस माँओं का टेस्ट करूँ तो सात-आठ का कम आता है. धूप वाला देश है और धूप में बैठता कौन है?"

ऋतानं विचारलं, "दूध बंद कर दूँ?"

"बिल्कुल नहीं! आज भी वही सबसे अच्छा है. आप दोनों दवा लो, और दूध पिलाओ."

ऋतानं तिथेच पदर घेतला आणि त्याला पाजलं. मी बाहेर येऊन पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले. नळ सोडला. गार पाणी. ग्लास नव्हताच हातात.

१० फेब्रुवारी

घरी आलो. झटका पुन्हा आला नाही. कॅल्शियम साडेआठ.

औषधं ऋतानं तिच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. किल्ली लावली. मी पाहिलं. तिनंही पाहिलं की मी पाहिलं.

१२ फेब्रुवारी

आंघोळ तीच घालते आता. नंदाला म्हणाली, मालिश मेरे सामने. माझ्याकडे दिला नाही अजून. वाईट बोलत नाही, "आई, जेवलात का" विचारते. पण दार लावून घेते.

बरोबर आहे तिचं.

१३ फेब्रुवारी

आतून त्याचा आवाज येतो. अं-गू, अं-गू. मी पोळ्या करता करता हळूच उत्तर देते.

१५ फेब्रुवारी

रोहन स्वयंपाकघरात आला. आठवडाभरानं पहिल्यांदा समोर उभा राहिला. "आई, फक्त एक सांग. का केलंस? तू शिकलेली आहेस. तू शाळेत पोलिओचे डोस द्यायला उभी राहायचीस. का?"

मी कणीक मळत राहिले. तो थांबला आणि गेला. हे तिथेच टेबलाशी पेपर घेऊन बसलेले. म्हणाले, "सांग त्याला, सुमन." मी म्हटलं, "तुम्ही का नाही सांगत?" पेपर वर केला त्यांनी.

मीच लिहिते आधी. चाळीस वर्षं रोजनिशी लिहिते आणि हे एक नाव कधी लिहिलं नाही.

अपर्णा.

रोहनच्या आधी मला एक मुलगी झाली. ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी. पटणी बाजारात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो — माझ्या सासूबाई, म्हणजे माई, हे आणि मी. मागची खोली बाळंतिणीची, तिला खिडकी नाही. तीन महिने तिथे होतो, ती आणि मी. शेगडी, धुरी, कान बांधलेले. खूप शहाणी होती. उजव्या गालावर खळी. केस एवढे की न्हाऊ घातल्यावर वाळायला तास लागायचा.

जानेवारीत तिला झटके आले. एक, मग दुसऱ्या दिवशी तीन. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

परत आलो तर माई म्हणाल्या, दूध बाधलं पोरीला. बशी आणली. म्हणाल्या, पिळ. मी पिळलं. त्यात त्यांनी एक मुंगी सोडली. मुंगी मेली. सगळ्यांना दाखवलं — बघा, विष आहे! मुंगी कशातही बुडून मरते. पाण्यात मरते, चहात मरते! पण मी सव्वीस वर्षांची होते आणि माझी मुलगी गेलेली होती. मला ते खरं वाटलं.

रोहन झाला तेव्हा त्याला एक थेंबही पाजू दिला नाही. छाती फडक्यानं करकचून बांधली. तो बाहेर गाईच्या दुधासाठी रडायचा आणि मी न्हाणीघरात मोरीत दूध पिळायची. पांढरं दूध, मोरीतून वाहत जायचं. त्याला भूक लागली की माझं पोलकं भिजायचं.

म्हणून ते थेंब दिले नाहीत, रोहन. दुधाला काही कमी आहे हे मला माझ्या घरात पुन्हा ऐकायचं नव्हतं. ऋताच्या दुधाला तर नाहीच. हे कारण आहे. माफी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला ऋता विहंगला घेऊन छतावर गेली. मीही गेले. वाळत घातलेल्या चादरींच्या मधे चटई टाकून बसलेली, त्याला लंगोटावर ठेवलेलं, पाय उन्हात. मला बघून चपापली. मी म्हटलं, "घ्यायला नाही आले गं. काही सांगायचंय. बसू?"

सगळं सांगितलं. अपर्णा, बशी, मुंगी, मोरी. ह्या वेळी मराठीत. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. विहंग ऊन बघून डोळे मिचकावत होता, शिंकला दोनदा.

मी म्हटलं, "तू मला माफ कर म्हणून नाही सांगितलं. तुला वाटलं असेल मला तुझं काही बघवत नाही. तसं नव्हतं. उलट होतं."

तिनं वाऱ्यानं उडणारी चादर सारखी केली. मग विहंगला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा. माझे हात दुखायला लागलेत." खोटं. जमिनीवर ठेवलेल्या पोरानं हात कसे दुखतील!

मग म्हणाली, "अपर्णाताई म्हणायचं ना रोहननं? मोठी होती ती त्याच्याहून."

नऊ दिवसांनी घेतलं त्याला. वजन वाढलंय.

१७ फेब्रुवारी

रोहनला ऋतानंच सांगितलं. बसला जाण्याआधी माझ्या खोलीत आला, सात वाजता, बॅग खांद्यावर. वाकून डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. लहानपणी असं करायचा, ताप आला की. बस चुकली त्याची.

२४ फेब्रुवारी

तपासणी. महाशिवरात्रीच्या तयारीनं रस्ते आत्तापासूनच अडवलेत, ऑटो कुठून कुठे फिरवली! हे म्हणाले मी बाहेर थांबतो.

विहंगचं सगळं ठीक. निघताना ऋता उठेना. म्हणाली, "मैडम, एक बात पूछनी थी. मम्मीजी की एक बेटी थी." मी तिचा हात ओढला, पण ती बोलतच राहिली. सगळं सांगितलं, मुंगीसकट.

डॉक्टरनी पेन खाली ठेवलं. मला चार प्रश्न विचारले. किती महिन्यांची? कुठल्या ऋतूत? खोलीत ऊन यायचं? झटक्याच्या आधी ताप होता? — नव्हता. ताप अजिबात नव्हता. दचकायची? — हो. हनुवटी थरथरायची? मी नुसतीच मान हलवली. ह्या वेळी खरी.

ती म्हणाली, "आंटीजी, छत्तीस साल बाद पक्का कोई नहीं बता सकता. पर जो आप बता रही हैं, मुझे तो वही कैल्शियम की कमी लगती है. आपके दूध में ज़हर नहीं था. किसी माँ के दूध में नहीं होता."

मी थँक यू म्हटलं. मूर्खासारखं, थँक यू! मग खुर्चीवरून उठताना पाठीत कळ आली, तर ती म्हणते, आपका भी टेस्ट कर लेते हैं.

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. डॉक्टर असं असं म्हणाल्या. हे "हं" म्हणाले. ऑटोत पूर्ण रस्ता बाहेर बघत होते.

२५ फेब्रुवारी

माझं नऊ! ऋता म्हणते, "आई, तुम्ही टॉपर. माझ्यापेक्षा दोन जास्त."

२ मार्च, रविवार

दर रविवारी आता आमचा कार्यक्रम — ऋता आणि मी, दोन कप दूध, दोघींची व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी. चिअर्स करते ती! चव खडूसारखी. मी म्हटलं, तेहतीस वर्षं खडूच खाल्लाय मी.

मग वर. चटई, चादरी, तेलाची वाटी. नंदाही वरच येते मालिशला. तिच्या मुलीला सहावा लागलाय, जूनमध्ये बाळंत होईल. ऋतानं तिला धरून बसवलं आणि सगळं समजावलं — धूप, गोली, बच्चे को ड्रॉप्स. नंदा म्हणाली, "मेरी सास को कौन समझाएगा?" मी म्हटलं, "मेरे पास लाना. मैं समझाऊँगी." ऋता माझ्याकडे बघून हसली.

९ मार्च

पालथा पडला! आपोआप! मग परतता येईना म्हणून रडला. हे चटईवर आडवे होऊन त्याला शिकवत होते — "अस्सा, असा हात काढ." आजोबाच अडकले.

दुपारी ऋतानं बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. "आई, उद्यापासून ऑफिस सुरू. घरूनच आहे, पण मीटिंगा असतील. थेंब तुम्ही द्याल?" किल्ली लावत नाही म्हणे आता कपाटाला, दरवाजा चिकटतो.

मी म्हटलं, "तू समोर उभी राहा." ती म्हणाली, "कशाला?" आणि गेली. मी एकटीच होते. अर्धा एम.एल. त्यानं जीभ बाहेर काढून चाटलं, आणखी हवं होतं लबाडाला.

११ मार्च

सकाळी चहाला आम्ही दोघंच. हे म्हणाले, "सुमन, मला माहीत होतं."

अपर्णा गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरनी ह्यांना बाजूला घेऊन, लक्षणं विचारून सांगितलं होतं. कॅल्शियम कमी पडलं. आईला, मुलीला ऊन मिळालं नाही. दुधाचा दोष नाही. पुढच्या मुलाला अंगावरच पाजा. — घरी आलो तर माईंच्या हातात बशी होती. हे दारात उभे होते. गप्प राहिले.

मी विचारलं, "माईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर?"

"तोपर्यंत सांगायची लाज वाटायला लागली होती."

ऋताला नऊ दिवस लागले. मला किती लागतील, माहीत नाही. हे अजून समोर बसलेत. मीही उठलेली नाही.